परडीतलं बदक

अनोळखी जीप दिसली, की तिच्या बॉनेटवर खेळण्यातलं बदक ठेवून गुपचूप सटकायचं, ही जीपवाल्यांची गंमत. लेक शिवतेज वारल्यावर त्याच्या कपाटात असलं एकच पिवळं बदक उरलं होतं. विजयमालाकाकू दर शनिवारी ते फुलांच्या परडीतून न्यायच्या. आज उंब्रजला मारुतीच्या देवळाबाहेर लाल जीप दिसली, तशा त्या दर्शनाआधी तिकडंच वळल्या आणि बदक बॉनेटवर अलगद ठेवलं.

मालक हसतच आला. "आवं मावशी, ही गंमत आमा जीपवाल्यांची! तुमची जीप कुठं लावलीया?"

काकूंनी पदरानं बॉनेटवरची धूळ पुसली.



"हीच रं, बाळा. लेकाच्या माघारी दारात उभी बघवंना, म्हणून इकली."