नावापुढची रेघ

"तीस मुलं, तीस चित्रं, पस्तीस मिनिटं," नव्या बाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि त्यांनी पाठाची वही टेबलावर उघडून ठेवली. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका येऊन बसल्या होत्या. हा इंग्रजीचा तास बघून त्या ठरवणार होत्या, बाईंना ठेवायचं की नारळ द्यायचा.

वही आधीच्या बाईंची. आजारपणाने घरी बसायच्या आधी त्यांनी दुसरीचे सगळे तास मिनिटामिनिटाने आखून ठेवले होते. आजचा पाठ 'माझं कुटुंब'. कुणाला कोणतं चित्र दाखवायचं, काय विचारायचं, सगळं नावानिशी. एकाच नावापुढे नुसती रेघ होती. नव्या बाई भलत्याच टापटिपीच्या, त्यांना ते कसं बघवणार? विसरल्या असतील बिचाऱ्या, असं म्हणून त्यांनी सकाळीच ती रेघ खोडली आणि उरलेलं चित्र तिथे लिहून टाकलं : भाऊ.

तास झकास रंगला. आई झाली, बाबा झाले, आजी झाली. पूर्ण वाक्यात उत्तर आलं की सगळ्यांनी तीन टाळ्या द्यायच्या, हा वर्गाचा नियम. टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. मुख्याध्यापिका चक्क हसल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

मग खिडकीजवळची मुलगी उठली. दोन वेण्या, एका बुटाची नाडी सुटलेली. बाईंनी चित्र वर धरलं.

"हू इज धिस?"

"ब्रदर."

"व्हेरी गुड! व्हेअर इज युवर ब्रदर?"

मुख्याध्यापिका ताडकन उठल्या. "अहो बाई, तिला नको!"

पण मुलीने सुरुवात केली होती. एकेक शब्द बोटावर मोजत ती म्हणाली, "माय... ब्रदर... इज... इन... द... रिव्हर."

टाळीसाठी उचललेले बाईंचे हात तिथेच राहिले. पहिल्या बाकावरचा मुलगा हळूच म्हणाला, "खरंच, बाई. तिचा दादा सुट्टीत बुडाला. अजून सापडला नाही."

"वहीत रेघ होती ना हो?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "कशाला खोडलीत ती?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नोकरीचं राहू द्या, बाईंना तोंड कुठे लपवावं ते कळेना. त्यांनी वही मिटली.

मुलगी उभीच होती. तिने मुलांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई, पूर्ण वाक्यात सांगितलं ना मी? मग टाळ्या?"