काकांना खुललेली पैठणी

"त्या मॉडेलसारखी फिकी साडी घे," मावशी दुकानातल्या पोस्टरकडे बोट दाखवत म्हणाली. "तुझ्या सावळ्या रंगाला राणी कलर नाही खुलणार."

साखरपुडा ऋजुताचा आणि पसंती मावशीची! ऋजुता थेट सेल्समनकडे वळली. "काका, ती राणी रंगाची पैठणी जरा नेसून दाखवा."

तिच्याइतक्याच सावळ्या, झुपकेदार मिशीच्या काकांनी शर्टावरच निऱ्या खोचल्या, पदर खांद्यावर टाकला आणि झोकात गिरकी घेतली.

"मावशी, काकांचा रंग माझ्यासारखाच ना? वर मिशी आहे. तरी खुलतेय की नाही?"

मावशी काही बोलणार, तोच शेजारी साड्या बघणाऱ्या दोघी ओरडल्या, "आम्हाला काकांनी नेसलेलीच द्या!"

"ही माझी आहे!" म्हणत ऋजुताने पदर धरला आणि निऱ्यांत अडखळणाऱ्या काकांसकट पैठणी बिलाच्या काउंटरपर्यंत ओढत नेली.