तुळईचे सांधे

"दोन," वाक मोजणाऱ्या डायल गेजचा काटा पाहून भीमसिंग म्हणाला.

मधुसूदनच्या कागदावर तीन होते. दाब दिला की कापूस दाबणाऱ्या प्रेसची वरची लोखंडी तुळई तीन मिलिमीटर वाकायला हवी, असं त्याच्या कॉम्प्युटरनं सांगितलं होतं. आणि कॉम्प्युटर काही जिनिंग कारखान्याच्या पगारावर नव्हता.

मधुसूदन पुसदच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. महागावजवळच्या या जिनिंगच्या मालकानं त्याला तुळईची चीर तपासायला बोलावलं होतं. चीर वाढणारी निघाली तर गाठी बांधायची प्रेस बंद, आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. भाव आधीच पडलेला. प्रेस चालू राहावी असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण वीस वर्षं ती सांभाळणाऱ्या फिटर भीमसिंगला जरा जास्तच. मग आकडा कमी करून सांगण्यात फायदा कुणाचा, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

त्यात मधल्या वेल्डिंगवर खडूची ताजी भुकटी फासलेली दिसली.

"भीमसिंग, हे काय झाकलंय?"

"झाकलं नाही साहेब. राकेल लावून पुसलं, वरून खडू चोळला. चिरेत मुरलेलं राकेल बाहेर येते अन् खडूवर रेघ उमटते. आमी असंच पाह्यतो."

रेघ होती. बोटभर लांब, ओलसर. मधुसूदनला तीसुद्धा चीर छोटी दिसावी म्हणून हातानं ओढल्यासारखी वाटली.

चार दिवस तो भीमसिंगच्या मागे उभा राहिला. एकेक माप दहादा वाचायला लावलं. गेज कुठून आणलं, काल हात कुणी लावला, बोलताना मधेच का थांबलात, सगळं विचारलं. गेज बदललं तरी आकडा दोनच आला, तेव्हा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. शेवटी त्यानं मालकाला सांगितलं, "या माणसाच्या मापावर जाऊ नका." मालकानं उमरखेडला दुसऱ्या फिटरसाठी फोन केला.

पुसदला परतल्यावर कॉलेजात त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या अनघानं त्याचं गणित उघडून पाहिलं. कॉम्प्युटरात तुळईचे हजारो बारीक तुकडे पाडलेले होते. जिथून चीर जाऊ शकते तिथं दोन तुकड्यांमध्ये एक सांधा घालायचा, आधी ताणला जाणारा, मग तुटणारा.

"सर, सांधे कुठं कुठं घातलेत?"

"सगळीकडे. चीर कुठून जाईल कुणी सांगावं?"

"पण प्रत्येक सांधा तुटायच्या आधी केसभर सैल होतो. असे हजारो घातले तर एकही चीर न पडता तुळई लेचीपेची होते. तीन मिलिमीटर लोखंड वाकत नाहीये सर, तुमचे सांधे वाकताहेत."

मधुसूदननं सगळे सांधे काढले. फक्त भीमसिंगच्या खडूवर रेघ उमटली होती तिथले ठेवले. आकडा आला दोन. चीरही निदान हा हंगाम संपेपर्यंत वाढणारी नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं तो महागावला गेला. उमरखेडच्या फिटरला नको म्हणून कळवायला लावलं. मालकासमोर, हमालांसमोर म्हणाला, "चूक माझी होती. भीमसिंगचं माप पहिल्यापासून बरोबर होतं." भीमसिंगनं मान हलवली. काम टिकलं याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर शोधत मधुसूदननं गेज त्याच्या हातात दिलं. "आता शेवटचं माप तुम्हीच सांगा."

भीमसिंगनं गेज तुळईला बसवलं. दाब चढला. त्यानं काट्याकडे पाहिलं. बाहीनं काच पुसली. वाकून पुन्हा पाहिलं. उजवा डोळा मिटून पाहिलं, मग डावा.

"किती?" मधुसूदननं विचारलं.

"दुसऱ्या कोणाले बोलवा साहेब," गेजपासून मागं सरत तो म्हणाला. "मले दोनच दिसून राह्यले. पण आता माह्यावर माहाच भरोसा नाही."