डावऱ्याची तार

"आणि मग काय झालं असेल?" सरांनी विचारलं, आणि नेहमीप्रमाणे तिथेच थांबले.

समोर कारखान्यातले चौदा नवे कामगार होते, कुणी पंचविशीचा, कुणी पन्नाशीचा, पण सगळे कुठे ना कुठे राबून आलेले. अशांना सुरक्षेचे नियम वाचून दाखवले की ते तोंड लपवून जांभया देतात. त्यांना खरी गोष्ट लागते. सरांकडे एक खरी गोष्ट होती आणि तिच्या जोरावर त्यांनी नऊ वर्षं वर्ग मुठीत ठेवले होते.

"चार बोटं गेली," सर म्हणाले. "डाव्या हाताची. आणि गडी डावरा."

गोष्ट अशी. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या तोंडाशी जाळी असते. जाळी उघडी असली की मशीन चालत नाही. पण जाळीचा खटका तारेने आवळून बांधला की मशीन फसतं, उघड्या जाळीनेही चालतं आणि काम भराभर उरकतं. डावऱ्याने घरी लवकर पळायच्या नादात खटका बांधला आणि हात आत असतानाच प्रेस खाली आला. सर तेव्हा त्याच पाळीचे सुपरवायझर होते. चौकशी झाली, खटक्यावरची तार पुरावा म्हणून जमा झाली, चूक डावऱ्याची ठरली. भरपाई तर राहिलीच, वर नोकरीही गेली. दर वर्षी तो अर्ज करतो की तार मी बांधलीच नव्हती. अर्ज अभिप्रायासाठी सरांकडेच येतो. सर दोन ओळी खरडतात आणि फाईल मिटते.

अर्जाचं मात्र सर वर्गात सांगत नसत.

मग त्यांनी टेबलावरच्या नमुन्याच्या खटक्याला नवी तार गुंडाळली. कुठे असं बांधलेलं दिसलं तर ओळखता यायला हवं, म्हणून ते दर वेळी करून दाखवत. पकडीने दोन पीळ दिले, उरलेलं टोक नीट आत वळवलं. मागून कुणीतरी म्हणालं, सर सापळासुद्धा किती टापटिपीने लावतात बघा. सगळे हसले. सरही हसले.

"सवय आहे बाबा. टोक बाहेर राहिलं तर कुणाला तरी टोचायचं."

हसू विरल्यावर त्यांनी खणातून खरी तार काढली, चौकशीनंतर त्यांच्याकडेच राहिलेली. पीळ तसाच ठेवून मागच्या बाजूने कापलेली, काळपट पडलेली. ती त्यांनी दोन बोटांत धरून उंच केली. एवढं झालं की ती परत खणात जायची. आजवर सरांनी ती कुणाच्या हातात दिली नव्हती.

"फिरवा की सगळ्यांत," शेवटच्या बाकावरून आवाज आला. महिन्यापूर्वीच बदलून आलेले मोठे साहेब आज वर्ग बघायला बसले होते. "मोठी माणसं हाताळल्याशिवाय शिकत नाहीत. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय ना?"

यंदाचा डावऱ्याचा अर्ज अजून सरांकडे आला नव्हता. तो साहेबांनी स्वतःकडेच ठेवून घेतला होता, एवढं सरांच्या कानावर आलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी तार पहिल्या बाकावर दिली.

तार या हातातून त्या हातात जाऊ लागली. सर हातमोज्यांविषयी बोलत होते, पण डोळा तारेवर होता. तिसऱ्या बाकावर ती मावशींच्या हातात आली. वर्गातल्या वयाने सगळ्यांत मोठ्या बाई, म्हणून सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांनी ती पुढे दिली नाही. उलटीपालटी केली, नखाने पीळ चाचपला.

"सर, ही डावऱ्याने बांधली होती?"

"हो."

"मग ती ही नव्हे," मावशी म्हणाल्या. भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगावं तितक्या सहज.

मग त्यांनी समजावून सांगितलं. इमारतींवर सळया तारेने बांधण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. शेजारी धाकटी जाऊ असायची, ती डावरी. तिच्या तारेला पीळ उलटा पडायचा. संध्याकाळी मुकादम विचारायचा तेव्हा कुठलं काम कुणाचं, हे नुसत्या पिळावरून कळायचं. आणि हा पीळ सरळ सरळ उजव्या हाताचा होता.

त्या दिवशी त्याने उजव्या हाताने बांधली असेल, एवढंच सर कसंबसं म्हणाले.

मावशींनी क्षणभर खरोखरच विचार केला.

"घाईत असलेला माणूस हात बदलत नाही, सर."

साहेब उठले आणि बाकांमधून पुढे आले. सरांचा हात नकळत नमुन्याच्या खटक्याकडे गेला. मघाची ती नवी तार आता त्यांना तिथे नको होती.

"राहू द्या," साहेब म्हणाले.

त्यांनी मावशींच्या हातातून जुनी तार घेतली आणि नव्या तारेशेजारी धरली. नऊ वर्षांत सरांनी ती शेकडो वेळा दाखवली होती, जवळून कधी पाहिली नव्हती. आता पाहावीच लागली. दोन पीळ, दोन्हीकडे एकाच बाजूला पडलेले.

आणि जुन्या तारेचंही टोक नीट आत वळवलेलं होतं, कुणाला टोचू नये म्हणून.