मोर नदीचा उतार

जीवराम आबांनी लॉरीखाली डोकं घातलं आणि ब्रेकची दांडी हातानं हिसडून पाहिली. मग बाहेर येऊन हात झटकत ते म्हणाले, "तुझे कागद मी जळगावला पाहून आलो."

"बरं केलं, आबा," भटू म्हणाला. लॉरीचा मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. "आता गाडीही पाहून घ्या."

यावलच्या केळीवाल्यांनी हे काम आबांवर सोपवलं होतं. आजवर माल बैलगाडीनं सावद्याच्या स्टेशनात जाई. यंदा लॉरी लावायची असं ठरलं, पण कुणाची? आबा जळगावच्या कचेरीत जाऊन बसले आणि एकेकाची माहिती काढून आले. एका कंपनीच्या दोन लॉऱ्या एकाच नंबरावर पळत होत्या. एक नोंदलेली, दुसरी चोरटी. दुसऱ्या कंपनीची लॉरी दिवाळीपासून दोनदा उलटली होती. चोपड्याच्या भटूची एकुलती एक लॉरी तेवढी निर्मळ निघाली. नोंदणी होती, तपासणी झालेली होती, अपघात एकही नव्हता.

घरी हे सांगितलं तेव्हा त्यांची लेक पुष्पाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "कागदांचं काय घेऊन बसलात, आबा? त्या गाडीचेही कागद बरोबर होते."

आबांचा जावई त्या लॉरीत सरकीच्या पोत्यांवर बसून घरी येत होता. उतारावर लॉरी आवरली नाही. तेव्हापासून पुष्पाबाई माहेरीच होती. त्यांच्यात पाट लावायची रीत होती, विधवेचं दुसरं लग्न कुणी वावगं मानत नसे. बरी स्थळंही चालून आली. पण विषय निघाला की ती उठून आत जाई. पुढे घरात कुणी विषय काढेनासं झालं.

लेकीचं ते बोलणं मनात राहिलं, म्हणून पहिल्या खेपेला आबा स्वतःच भटूशेजारी जाऊन बसले. मागे केळीचे घड रचलेले, त्यांच्यावर माल उतरवायला निघालेले मजूर.

लॉरी निघाली ती बैलांनाही लाजवील अशा संथ चालीनं. फाट्यावर दोघं हात करून उभे होते. "जागा नाही, भाऊ," म्हणत भटूनं त्यांना मागे टाकलं. एकाच नंबरावर दोन लॉऱ्या पळवणाऱ्या त्या कंपनीची लॉरी भोंगा वाजवत, धूळ उडवत पुढे गेली. तिच्यावर माणसं नुसती लोंबकळत होती. आबांच्या मनात आलं, ती लॉरी आता वेळेत स्टेशन गाठेल.

मोर नदीच्या उताराला भटूनं लॉरी चक्क उभी केली. चाकाला दगड लावला आणि वर पाहून ओरडला, "उतरा बठ्ठा! सगळे पायी चला."

"अरे, इथं कशाला?" आबा वैतागले. "तिकडं स्टेशनात वॅगन लागली असेल. ब्रेक लागत नाही का तुझा?"

"लागतो ना, आबा. रोज लागतो," भटू म्हणाला. "पण न लागायचा दिवस कुठला, ते गाडी आधी सांगत नाही. तुम्हीही उतरा."

आबा उतरले. मजूर हसत-बोलत नदीपर्यंत चालत गेले, आणि त्यांच्या मागून एकटा भटू लॉरी हळूहळू खाली घेऊन आला. नदीपलीकडे सगळे पुन्हा चढले. पुढच्या नाल्यावर पुन्हा तेच.

सावद्याला पोचले तेव्हा वॅगन भरून दार लागलं होतं. माल तिथल्याच व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं द्यावा लागला. आबांचा पारा चढला.

"पुन्हा माझा एक घडही तुझ्या गाडीत पडायचा नाही!"

"बठ्ठा असंच म्हणतस, आबा," भटू शांतपणे म्हणाला. "तुमचं काही चुकत नाही. चला, घरी सोडतो."

परतीच्या वाटेवर रिकाम्या लॉरीतही त्यानं आबांना उतारावर पायी चालवलं.

दिवेलागणीला आबा जेवायला बसले, तरी त्यांचा राग उतरला नव्हता. पुष्पाबाई वाढत होती. आबांनी तिला सगळी खेप सांगितली. ती बैलाची चाल, तो उतार, ते लागलेलं दार.

"उतारावर सगळ्यांनाच उतरवलं?" तिनं विचारलं.

"एकूण एक! मला म्हाताऱ्यालासुद्धा. स्वतः तेवढा गाडीत बसून राहिला."

"घरी कोण आहे त्यांच्या?"

"आई आहे. बायको हिवतापानं गेली. आपल्यातलाच आहे, फैजपूरच्या पितांबरचा भाचा. माणूस वाईट नाही गं, पण हा धंदा त्याला जमायचा नाही. उद्या मंडळींना काय तोंड दाखवू? केळी काय कुणासाठी थांबतात?"

पुष्पाबाईनं ताटात भाकरी वाढली. नेहमीसारखी ती चुलीकडे वळली नाही. तिथंच, आबांच्या समोर खाली बसली.

"केळी बैलगाडीनंच धाडा, आबा," ती म्हणाली. "आणि त्यांना विचारा, माझ्याशी पाट लावतील का."