सरकारदरबारी

"विमानाने पैसे मागायला गेलात, तर सरकार दारातही उभं करणार नाही. आपल्याच गाडीने जा," बायकोने बजावलं. म्हणून बुडत्या मोटार कंपनीचे मालक नाइलाजाने, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या कंपनीच्या गाडीत बसले.

निम्म्या वाटेत गाडीने मान टाकली. बघतात तर पुढच्याच वळणावर त्यांचा हाडवैरी, दुसऱ्या मोटार कंपनीचा मालक, आपल्या गाडीचं बॉनेट उघडून घाम पुसत उभा! तोही मदतच मागायला निघालेला.

शेवटी एकाच ट्रकने दोन्ही गाड्या थेट मंत्रीबाईंच्या बंगल्यावर ओढून नेल्या. ट्रकच्या केबिनमध्ये मांडीला मांडी लावून दोघांनी कंपन्या एकत्र करायचंही ठरवून टाकलं.

"मॅडम, आता आम्ही एक झालो. आता तरी वाचवा!"

मंत्रीबाई अंगणात उतरल्या, ट्रक आणि त्याला बांधलेल्या दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारून आल्या.



"पैसे देते की! हा ट्रक कुठली कंपनी बनवते?"