घर सापडलं

सकाळी चूळ भरायच्या आत धोंडाबाई कोपऱ्यावरच्या गुंडप्पाकडं गेली आणि विचारून बसली, राती आमचं घर शोधत कुणी आलं होतं का. कुणीच नाही, म्हणाला तो. परत येताना तिला स्वतःचीच लाज वाटली. स्वप्नातल्या माणसाची चौकशी शेजाऱ्याकडं करायची म्हणजे हद्दच झाली. पण जीव काही ठिकाणावर येईना.

नऊच्या सुमारास तिचा पोरगा शिवशंकर लातूरहून टेम्पो घेऊन आला. तिकडं क्लासच्या पोरापोरींसाठी त्यानं मेस काढली होती. साठ डबे होते, बायकोला एकटीला उरकत नव्हतं. माय आता लातूरलाच राहणार, हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं. त्यानं पत्र्याची पेटी चढवली, पिठाचे डबे चढवले. ड्रायव्हर गाडीत जाऊन बसला. धोंडाबाईनं मात्र गोधडी अजून उचललीच नव्हती. ती भिंतीला टेकून बसून होती.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "राती तुझे बा आलते."

शिवशंकरनं कपाळाला हात लावला. मग तिनं सगळं सांगितलं. भूकंपात नवरा गेला, तेव्हापासून तो स्वप्नात यायचा, पण जुन्या गावातल्या घरी. पुनर्वसनातलं हे घर बिचाऱ्यानं पाहिलंच नव्हतं, आणि इथली घरं तर सगळी सारखी. शोधायला सव्वीस वर्षं लागली. राती दारात उभा राहिला, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. किती गल्ल्या हिंडलो, म्हणाला. ती भाकरी टाकायला वळली आणि जाग आली. तापल्या तव्याचा वास अजून तिच्या नाकात होता. माणूस उपाशी गेला, याची चुटपुट काही केल्या जात नव्हती.

"आत्ता कुठं त्यांला घर सापडलं. मी गेल्यावर परत कुठं कुठं हिंडतील?"

शिवशंकरच्या ओठांवर उत्तर आलं होतं. दुपारचे डबे खोळंबले होते, टेम्पो भाड्याचा होता. पण भूकंप झाला तेव्हा तो मायच्या पोटात होता. बापाचा एकुलता एक फोटो ढिगाऱ्यात गेला. मायला तो स्वप्नात तरी भेटायचा. याला कधी दिसलाच नाही, आणि दिसला असता तरी यानं ओळखला नसता. आज पहिल्यांदाच त्याला मायचा हेवा वाटला.

"माय, तू कुठं झोपली होतीस?" त्यानं विचारलं.

तिनं गोधडीकडं बोट केलं. चपला काढून तो तिथंच आडवा झाला, भिंतीकडं तोंड करून. धोंडाबाई बघत राहिली. मग उठून तिनं त्याच्या अंगावर आपलं जुनं लुगडं टाकलं. "आले तर लातूरचा पत्ता सांग त्यांला," ती म्हणाली.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती लगबगीनं बाहेर गेली.

"गाडी बंद कर, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरगं झोपलंय. उठलं की निघू."